मॉसच्या वाढीची किल्ली : जनुकांचे नियामक



पावसाळ्याचे दोन-चार जोरदार सडाके होऊन गेले की विहिरीचा कठडा, चाळीची मागची भिंत, जुनी कौले, नळाजवळचा दगड, सगळीकडे हिरवी मखमल चढते. आपण तिला सरसकट शेवाळ म्हणतो, पाय घसरू नये म्हणून खराट्याने घासून काढतो आणि विसरून जातो. वास्तविक या मखमलीत दोन निरनिराळ्या गोष्टी असतात. पायाखाली बुळबुळीत लागतो तो थर बहुधा शैवालाचा. पण हात फिरवला असता मऊ लागणारी, बारीक बारीक पानांची दाट गादी असते ती मॉसची. मॉसला मराठीत हरिता असेही म्हणतात. शालेय विज्ञानाच्या पुस्तकात फ्युनारिया आणि मार्केंशिया ही नावे विद्यार्थ्यांनी वाचलेली असतील. फ्युनारिया हे मॉस होय, आणि मार्केंशिया ही त्याच्या नात्यातली, जमिनीला चिकटून पसरणारी चपटी वनस्पती होय.

या वनस्पतींना खरी मुळे नाहीत, फुले नाहीत, बी नाही, पाणी वर चढविणाऱ्या नळ्यांची पक्की व्यवस्था नाही. म्हणून जुन्या पुस्तकांत त्यांची नोंद 'खालच्या दर्जाच्या वनस्पती' अशी झाली. विद्यार्थी हा भाग चार ओळींत पाठ करतो आणि पुढे जातो. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत याच वनस्पतींच्या अभ्यासातून असे निष्पन्न झाले आहे की, ज्या जनुकांच्या बळावर आंबा मोहरतो आणि गव्हाच्या मुळाला केसासारखे रोम फुटतात, त्यांतील महत्त्वाची जनुके या चिमुकल्या मॉसपाशीही आहेत, आणि ती तेथे रोज कामाला लागलेली असतात. हे कसे समजले आणि त्यातून आपण काय घ्यावे, हे सांगण्याचा या लेखात प्रयत्न आहे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, पोटासाठी बँकेत कारकुनी करतो. हा विषय आम्ही आवडीने वाचला. तेव्हा लेखात बँकेची उदाहरणे येणार, ती वाचकांनी गोड मानून घ्यावीत.

नियामक म्हणजे काय?

प्रत्येक सजीव पेशीत डीएनए नावाचा लांबलचक रेणू असतो. त्यावर ठिकठिकाणी जनुके असतात. जनुक म्हणजे, ढोबळ मानाने, एखादे प्रथिन कसे तयार करावे याची लेखी सूचना. आता गंमत अशी की एका झाडाच्या सर्व पेशींत जनुकांचा संच सारखाच असतो. पानाच्या पेशीतही मुळाच्या सूचना असतात आणि मुळाच्या पेशीतही पानाच्या. मग पान पान का होते आणि मूळ मूळ का होते?

बँकेच्या शाखेत नियमांचे पुस्तक सर्वांसाठी एकच असते. रोखपाल त्यातले रोकडीचे प्रकरण उघडतो, कर्जाच्या टेबलावरचा मनुष्य कर्जाचे. पुस्तक एक, पण उघडलेली पाने वेगळी. पेशीतही तसेच चालते. कोणते पान उघडायचे आणि कोणते बंद ठेवायचे, हे ठरविणारी खास प्रथिने असतात. ती डीएनएवर जनुकाच्या जवळ ठरावीक जागी जाऊन बसतात आणि त्या जनुकाची नक्कल निघू देतात किंवा अडवून धरतात. यांनाच जनुकांचे नियामक म्हणतात. एका नियामकाच्या हुकमतीखाली पुष्कळ जनुके असू शकतात. वरिष्ठाची एक सही झाली की चार टेबलांवरची कामे एकदम सुरू होतात, तसे हे आहे.

जनुकांवर असा अंमल चालतो, ही कल्पना १९६१ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी स्पष्टपणे मांडली. आतड्यातील ई. कोलाय हा जिवाणू, दुधातली साखर समोर असेल तेव्हाच ती पचविण्याची जनुके उघडतो, हे त्यांनी दाखवून दिले. १९६५ साली त्यांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे जनुक नुसते जवळ असून भागत नाही. ते योग्य वेळी, योग्य जागी उघडावे लागते.

येथे एक प्रश्न उभा राहतो. नियामक हेही प्रथिनच, तेही जनुकापासूनच तयार होणार. मग नियामकाला कोण जागे करतो? कधी दुसरा नियामक, कधी वनस्पतीतील संप्रेरक, कधी प्रकाश, पाणी किंवा एखादी जखम. अशी ही साखळी बाहेरच्या जगापर्यंत येऊन पोहोचते.

अभ्यासासाठी मॉसच का?

१९६२ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या ग्रॅन्सडेन येथील जंगलातून हॅरल्ड व्हाइटहाउस यांनी एक लहानसे मॉस गोळा केले. त्याचे नाव फिस्कोमिट्रेला पेटन्स. अलीकडे त्याला फिस्कोमिट्रियम पेटन्स म्हणतात. हे आपल्या फ्युनारियाच्याच कुळातले. त्या नमुन्याच्या एका बीजाणूपासून वाढविलेला वंश आज जगभरच्या प्रयोगशाळांत काचेच्या तबकड्यांत वाढतो आहे.

या मॉसमध्ये अभ्यासकाच्या दृष्टीने काही मोठ्या सोयी आहेत. आपल्या पेशीत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी वेळ मारून नेते. मॉसच्या हिरव्या रोपट्यात मात्र प्रत्येक जनुकाचा एकेरी संच असतो. जणू खतावणीची दुसरी प्रत ठेवलेलीच नाही. त्यामुळे एखादे जनुक काढून टाकले की त्याचा परिणाम लपून राहत नाही. दुसरी सोय म्हणजे मॉसचे पान बहुतेक ठिकाणी एकाच पेशीच्या जाडीचे असते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी न् पेशी दिसते. तिसरी सोय १९९७ साली स्वित्झर्लंडमधील डिडिए शेफर आणि झाँ-पिएर झ्रिड यांच्या कामातून स्पष्ट झाली. बाहेरून दिलेला डीएनए हे मॉस आपल्या जनुकसंचात नेमक्या जागी बसवून घेते. त्यामुळे हवे ते जनुक नेमके काढणे किंवा बदलणे शक्य झाले. त्या काळी इतर वनस्पतींत हे काम फार अवघड होते.

२००८ साली या मॉसच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला. सुमारे ५० कोटी अक्षरे आणि अंदाजे ३५ हजार जनुके! माणसाची प्रथिने घडविणारी जनुके सुमारे २० हजार आहेत. जनुकांच्या संख्येवरून कोणाचा दर्जा ठरत नाही हे खरे. परंतु 'साधी वनस्पती' म्हणताना आपण थोडे जपून बोलावे, एवढे या आकड्यांनी नक्कीच शिकविले. पुढे २०१७ साली मार्केंशियाचाही जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १९ हजार जनुके आढळली. विशेष म्हणजे फुलझाडांत ज्या नियामकांच्या अनेक आवृत्त्या असतात, त्यांतील पुष्कळांची मार्केंशियात एकेकच प्रत आहे. गुंता कमी असल्याने कोणाचे काम कोणते, हे तेथे उलगडणे सोपे जाते.

बीजाणूपासून रोपट्यापर्यंत

आता मॉसचे बाळपण पाहू. मॉसला बी नसते, बीजाणू असतो. तो धुळीच्या कणासारखा बारीक, एकाच पेशीचा. ओल आणि उजेड मिळाला की तो फुगतो, फुटतो आणि त्यातून एक हिरवा धागा बाहेर येतो. धाग्याच्या टोकाची पेशी पुढे पुढे वाढते, दुभंगते आणि मागे पेशींची रांग सोडत जाते. या पहिल्या धाग्याला क्लोरोनेमा म्हणतात. त्याच्या पेशी आखूड आणि हरितलवकांनी गच्च भरलेल्या असतात. त्यांचे काम अन्न तयार करणे.

काही दिवसांनी यातील काही धाग्यांची टोके आपला स्वभाव पालटतात. त्यांच्या पेशी लांब होतात, हरितलवके कमी होतात, पेशींमधल्या भिंती तिरप्या पडतात आणि धागा झपाट्याने पळू लागतो. हा कॉलोनेमा. त्याचे काम नवी जमीन व्यापणे. घरातला एक भाऊ शेती सांभाळतो आणि दुसरा कामधंद्यासाठी मुलूख धुंडाळतो, तशी ही वाटणी आहे.

पुढे या धाग्यांना बाजूने फांद्या फुटतात. बहुतेक फांद्या पुन्हा धागेच होतात. मोजक्या ठिकाणी मात्र फांदीची पहिली पेशी फुगते, वेगळ्याच दिशांनी दुभंगते आणि तेथे एक कळी तयार होते. येथून वाढ चहूबाजूंनी होऊ लागते, आणि त्या कळीतून पानांचे रोपटे उभे राहते. तेच आपल्याला भिंतीवर मखमल म्हणून दिसते. रोपट्याच्या बुडाशी तपकिरी धागे फुटतात, ते मूलाभ. ते मुळांसारखे रोपट्याला जमिनीशी धरून ठेवतात.

क्लोरोनेमापासून कॉलोनेमा, धाग्यापासून कळी, बुडाच्या पेशीपासून मूलाभ, अशा प्रत्येक वळणावर जनुकसंच तोच असतो. पालटते ते उघडलेले पान. ते कोण उघडतो, याचा शोध कसा लागला ते पाहू.

मूलाभ आणि मूलरोम

मोहरीच्या कुळात अरबिडॉप्सिस नावाची एक लहान वनस्पती आहे. तिच्या मुळावर जे बारीक मूलरोम येतात, त्यांसाठी एक विशिष्ट नियामक लागतो हे शास्त्रज्ञांना माहीत होते. इंग्लंडमधील नॉर्विच येथील जॉन इन्स केंद्रात लिअम डोलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच कुळातले नियामक मॉसमध्ये शोधले. त्यांना आरएसएल असे नाव आहे. मॉसमधील अशी दोन जनुके काढून टाकली, तेव्हा मूलाभ जेमतेम, आखूड असे थोडेच फुटले आणि कॉलोनेमाही तयार झाला नाही.

मग त्यांनी आणखी एक प्रयोग केला. अरबिडॉप्सिसच्या ज्या रोपांत हा नियामक बिघडल्यामुळे मूलरोम नीट येत नव्हते, त्या रोपांत मॉसचे जनुक घातले. रोपांना मूलरोम फुटले! सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या, आणि त्यानंतर मॉसची व फुलझाडांची वाट वेगळी झाली. इतक्या काळानंतरही एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागली. हे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. पुढे मार्केंशियातही याच कुळातला नियामक मूलाभांसाठी आवश्यक असल्याचे दिसून आले.

शेतकरी घरातून आलेल्या वाचकांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. जमिनीतले पाणी आणि स्फुरद शोषून घेण्यात मूलरोमांचा मोठा वाटा असतो. भात आणि गहू यांच्या मूलरोमांच्या वाढीतही याच कुळातली जनुके गुंतलेली आहेत.

हा नियामक मॉसमध्ये जागा होतो तो ऑक्झिन या संप्रेरकाच्या इशाऱ्याने. ऑक्झिनचे प्रमाण वाढले की आरएसएल जनुकांचे काम वाढते आणि धाग्यांचा कल कॉलोनेमाकडे जातो.

कळी केव्हा धरायची?

कळी धरण्याचा निर्णय आणखी नाजूक. येथे एपीबी नावाचे चार नियामक कामाला येतात. जपानमधील ओकाझाकी येथील राष्ट्रीय मूलभूत जीवशास्त्र संस्थेत मित्सुयासु हासेबे यांच्या गटाने २०१२ साली हे दाखविले. चारही जनुके काढली तेव्हा धागे वाढत राहिले, पण रोपटे एकही उभे राहिले नाही. उलट त्यांतील एखादे जनुक जास्त कामाला लावले, तेव्हा रोपट्यांची संख्या वाढली.

सायटोकायनिन हे संप्रेरक दिले की मॉसला कळ्या जास्त येतात, ही गोष्ट पूर्वीपासून माहीत होती. परंतु चारही एपीबी नसलेल्या मॉसला सायटोकायनिन कितीही दिले तरी कळी आली नाही. अर्ज आला, पण सही करणारा अधिकारीच जागेवर नाही, तर काम होणार कसे? संप्रेरक म्हणजे निरोप, आणि तो निरोप अमलात आणणारा नियामक वेगळा.

दोन किल्ल्यांचे लॉकर

मॉसच्या आयुष्यात दोन पिढ्या आळीपाळीने येतात, हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म हॉफमायस्टर यांनी १८५१ सालीच मांडले होते. एकेरी संचाचे हिरवे रोपटे ही एक पिढी. त्यावर स्त्रीपेशी आणि पुंपेशी यांचे मीलन होऊन दुहेरी संचाची दुसरी पिढी तयार होते. ती म्हणजे रोपट्याच्या टोकावरची बोंडासारखी कुपी. तिच्यातून पुन्हा बीजाणू बाहेर पडतात.

मीलन झाले हे पेशीला कळते कसे? याचे उत्तर प्रथम क्लॅमिडोमोनास या एकपेशीय हिरव्या शैवालात स्पष्ट झाले. तेथे एका बाजूच्या जननपेशीत नॉक्स कुळातला नियामक असतो आणि दुसऱ्या बाजूच्या पेशीत बेल कुळातला. एकेकटे असताना ते काही करू शकत नाहीत. पेशी एकमेकींत मिसळल्या की दोघांची जोडी जमते, जोडी केंद्रकात शिरते आणि नव्या पिढीची जनुके उघडतात. हे २००८ साली प्रसिद्ध झाले. बँकेचे लॉकर उघडायला ग्राहकाची किल्ली आणि बँकेची किल्ली दोन्ही लागतात, तोच हा नियम.

मॉसमध्ये हीच दोन कुळे पुढचे काम करतात. २०१३ साली असे दिसले की नॉक्स कुळातील विशिष्ट जनुके काढली, तर दुहेरी संचाची पिढी आपली वाट सोडते आणि मधले टप्पे वगळून थेट हिरव्या रोपट्यासारखी वाढू लागते. २०१६ साली याच्या उलट बाजू पुढे आली. बेल कुळातला एक नियामक जास्त कामाला लावला, तर मीलन न होताच धाग्यावर कुपीची पिढी उगवू लागते. पिढी कोणती हे केवळ संच एकेरी की दुहेरी यावर अवलंबून नाही. कोणता नियामक कामावर हजर आहे, यावर ते ठरते.

फूल नसलेल्या वनस्पतीत फुलाचे जनुक

अरबिडॉप्सिसमध्ये लीफी नावाचा एक नियामक आहे. तो बिघडला तर फुलांच्या जागी पानांचे कोंब येऊ लागतात. हेच जनुक मॉसमध्येही सापडले. मॉसला तर फूल येतच नाही, मग तेथे ते कशासाठी? जपानी शास्त्रज्ञांनी २००५ साली याचे उत्तर दिले. मॉसमध्ये मीलनानंतर तयार झालेली पहिली पेशी दुभंगते, त्या पहिल्याच पायरीला हा नियामक लागतो. तो नसेल तर ती पेशी एकटीच राहते आणि पुढची पिढी तयार होत नाही.

म्हणजे जे जनुक पुढे फुलाच्या कामाला लागले, ते त्याआधीपासून वनस्पतींत दुसऱ्या कामावर होते. उत्क्रांती पुष्कळदा नवा नोकर नेमत नाही; जुन्याच अनुभवी माणसाची दुसऱ्या टेबलावर बदली करते.

तुटलेले पान

आता शेवटचे उदाहरण. या मॉसचे पान कापून ओल्या माध्यमावर ठेवले, तर दोन-तीन दिवसांत कापलेल्या कडेच्या पेशींतून नवे धागे फुटतात आणि त्यातून अखंड रोपटे उभे राहते. पान होऊन स्थिरावलेली पेशी पुन्हा बाळपणाकडे वळते. २०१४ साली असे आढळले की वॉक्स कुळातील दोन जनुके नसतील, तर ही पेशी जागी झाली तरी तिच्यातून धागा पुढे वाढत नाही. २०१९ साली स्टेमिन नावाचा नियामक प्रसिद्ध झाला. तो कामाला लावला तर पान न कापताही त्याच्या पेशी धाग्याच्या मूळपेशी बनू लागतात. पानाच्या पेशीने रोपटे होण्याची क्षमता कधी गमावलेलीच नव्हती. ती पाने फक्त मिटलेली होती.

आपण काय घ्यावे?

पूर्वी वनस्पतींचे चित्र जिन्यासारखे काढीत. खालच्या पायरीवर शैवाल, मग मॉस, मग नेचे आणि सर्वांत वर फुलझाड. आज ते चित्र टिकत नाही. जनुकसंचांच्या अलीकडच्या तुलनेनुसार मॉस आणि मार्केंशिया ही मंडळी मिळून एक शाखा होते, आणि नेचे व फुलझाडे मिळून दुसरी. दोन्हींचा पूर्वज एकच. मॉस हे आंब्याचे मागे राहिलेले पणजोबा नव्हेत, ते त्याचे चुलत भाऊ होत. आंब्याइतकीच वर्षे त्यांनीही या जमिनीवर काढली आहेत. 'खालचा दर्जा' हा शब्द त्या वनस्पतीत नव्हता, तो पाहणाऱ्याच्या मनात होता.

दुसरी गोष्ट. 'अमक्याच्या रक्तातच आहे', 'तमक्याच्या जनुकातच नाही' अशी वाक्ये आपण सर्रास ऐकतो, आणि ती बोलणारे विज्ञानाचा आधार दिल्याच्या थाटात बोलतात. मॉसवरून माणसाविषयी निष्कर्ष काढणे योग्य नाही, तो मोह आम्ही टाळतो. परंतु भिंतीवरच्या एवढ्याशा वनस्पतीतसुद्धा जनुक म्हणजे अटळ विधिलिखित नाही, ओल, उजेड, संप्रेरक, जखम यांच्या इशाऱ्यावर ते उघडते आणि मिटते. मग असली वाक्ये ऐकताना 'पुरावा काय?' एवढे तरी विचारण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी.

विद्यार्थी मित्रहो, यासाठी परदेशी प्रयोगशाळा लागत नाही. येत्या पावसाळ्यात एक साधे भिंग घ्या आणि भिंतीवरच्या मखमलीकडे जवळून पाहा. पाने पाहा, बुडाचे तपकिरी मूलाभ पाहा, टोकावरच्या कुप्या शोधा. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर शिक्षकांच्या परवानगीने एक पान पाण्याच्या थेंबात ठेवून पाहा. वहीत तारीख घालून चित्र काढा आणि आठवड्याने पुन्हा त्याच जागी जा. शास्त्रज्ञांचे कामही अशाच नोंदींतून पुढे जात असते. आणि घरच्यांनी खराटा हाती घेतला, तर एक कोपरा तेवढा राखून ठेवायला सांगा.